गेट-टुगेदरवरचं संगीत नाटक : पॅन्ट-शर्टातल्या माणसांनी गाऊ नये का?

काळी पाच

परवा इथे ‘सडेतोड’ यांनी लिहिलं की दहावीची बॅच पस्तीस वर्षांनी भेटते आणि रंगमंचावर गायला लागते, हे त्यांना बघवत नाही. संगीत नाटक राजेरजवाड्यांचं, पुराणातलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस बोलता बोलता पेटीच्या सुरावर सुरू झाला की कथानक मेलं. खाली चाळीस जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

ज्या नाटकावरून हे सुरू झालं ते मी दोनदा पाहिलंय. हौशी मंडळी, दोन अंक, तेरा पदं, समोर पेटी-तबला, ट्रॅक नाही. पहिल्या अंकात गणवेशातली मुलं शाळेची प्रार्थना म्हणतात, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, सणसणीत. दुसऱ्या अंकात तेच विद्यार्थी पन्नाशीचे होऊन त्याच वर्गात उभे राहतात आणि पेटीवाला मुद्दाम काळी चारच देतो. बायका सहज म्हणतात. पुरुष पहिली ओळ कशीबशी ओढतात. अंतऱ्याला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आला की एकाचा आवाज फाटतो, दुसरा खालच्या सप्तकात उतरतो, तिसरा गायचाच थांबतो. हात मात्र जोडलेले. एकजण विजारीला घाम पुसतो आणि पुन्हा हात जोडतो. कुठल्या संवादानं हे दाखवलं असतं? ‘आपण म्हातारे झालो रे’ म्हणून?

गेट-टुगेदरला कुणी खरं बोलत नाही. मुलगा कुठे असतो, फ्लॅट कितीचा, शुगर किती, एवढंच. जे बोलता येत नाही ते पदात येतं, म्हणूनच या विषयाला संगीत नाटक हवं.

आणि पुराणाचं म्हणाल तर ‘शारदा’ १८९९चं. त्यात राजा कुठे आहे? पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेली एका गरीब घरातली मुलगी गाते. तेव्हाच्या प्रेक्षकाला ती शेजारच्या घरातलीच होती.

सडेतोड

लिहिलं त्यावर ठाम आहे. एकाच नाटकावरून सगळ्या प्रकाराची वकिली करू नका. मी जे पाहिलं त्यात रेकॉर्ड केलेले ट्रॅक होते, नट नुसते ओठ हलवत होते आणि मधल्या सुट्टीच्या गाण्यावर बारा माणसं डबे घेऊन नाचत होती. ‘शारदा’चा प्रेक्षक रात्रभर बसायला यायचा. त्याच्याकडे सिनेमा नव्हता, शेवटची लोकल नव्हती.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. गाणं खोटं बोलायला फार सोपं. शाळेत ज्यानं एका मुलाला वर्षभर छळलं, त्याला दुसऱ्या अंकात भैरवी दिली की तो माफ. चाल गोड लागली की प्रेक्षक हिशेब विसरतो. संवादात त्याला उत्तर द्यावं लागलं असतं.

माजघर

‘शारदा’ म्हणजे तेच ना, ज्याच्यावरून शारदा कायदा आला? नाटकातल्या गाण्यांनी कायदा होतो आणि तुम्ही म्हणता गाणी खोटी!

काळी पाच

तुम्ही माझ्या बाजूनं आहात, पण हे चुकीचं आहे. १९२९चा तो बालविवाह रोखणारा कायदा हरबिलास सारडा यांच्या नावानं ओळखला जातो. आपल्याकडे सारडाचं शारदा झालं आणि नाटकाला चिकटलं. चुकीच्या आधारावर मला जिंकायचं नाही.

जर्सीकर

न्यूयॉर्कला हा विषय जुना आहे. ‘फॉलीज’ हे तिथलं संगीत नाटक १९७१चं. वर्गमित्र नाहीत, एका जुन्या थिएटरातल्या नर्तकी ते पाडण्याआधी शेवटच्या भेटतात, आणि त्यांची तरुणपणची रूपं भुतांसारखी त्यांच्यामधून फिरतात. ५२२ प्रयोग झाले, तरी गुंतवलेला पैसा बुडाला. आज मात्र त्याचं नाव आदरानं घेतात. उलट, १९८२ साली थेट शाळेच्या आठवणींवर एक संगीत नाटक ब्रॉडवेवर आलं, ते १२ प्रयोगांत बंद पडलं. ‘फॉलीज’मध्ये कुणाला सहज माफी नाही. सडेतोडांचा मुद्दा मला पटतो तो एवढ्यापुरता.

शेवटचा बाक

सगळे गाण्यावर भांडताय. मला एक सांगा, त्या नाटकात नववीत नापास झालेला कुणी होता का?

आमच्या बॅचचा ग्रुप आहे, ‘१९८९ दहावी’. एकशे बारा माणसं. मी त्यात नाही, कारण मी १९८९ला दहावीला नव्हतो. पहिलीपासून त्यांच्याबरोबर बसलो, ड तुकडीत. नववीत आम्हा अकरा जणांना बसवलं. दोघं पुन्हा नववीला बसले, बाकीचे गळाले. मी दोन वर्षं गॅरेजवर काढली आणि मग १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झालो. त्यांचं गेट-टुगेदर झालं तेव्हा हॉलबाहेर त्यांच्यातल्याच एकाची गाडी बंद पडली. दुरुस्तीला मलाच बोलावलं. बॉनेट उघडून वाकलो होतो आणि आतून प्रार्थना ऐकू येत होती. मला ती पूर्ण पाठ आहे. गाडी सुरू झाली, त्यानं पैसे दिले, ‘थँक्यू दादा’ म्हणाला. सातवीत आम्ही एका बाकावर होतो.

निवृत्त बाई

वाचून वाईट वाटलं. पण ‘बसवलं’ हा शब्द मला लागला. मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. दहावीचा निकाल खाली आला की संस्थेच्या बैठकीत आम्हाला उभं करून विचारत. तुमचा विषय, तुमची मुलं, एवढी कशी गेली? नववीचे पेपर मी हलक्या हातानं तपासले नाहीत हे खरं. पण ज्याला त्रैराशिक येत नाही त्याला बोर्डाच्या परीक्षेला ढकलणं ही कुठली माया?

शेवटचा बाक

बाई, त्रैराशिक येत नव्हतं ते सहावीपासून. तीन वर्षं वर चढवलं तेव्हा कुणाला त्रास नव्हता. बोर्डाचा निकाल तोंडावर आला तेव्हाच दिसलं?

माजघर

माझ्या भावाचं हेच झालं. वडिलांनी शाळेत जाऊन पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. एका विषयात चार गुण कमी. आजही घरात शाळेचा विषय निघाला की तो उठून अंगणात जातो. मधली काही वर्षं आठवीपर्यंत नापास करत नव्हते म्हणून लोक शिक्षण हक्क कायद्याला नावं ठेवायचे. त्यांनी त्याला अंगणात बसलेलं बघावं.

निवृत्त बाई

आणि त्या कायद्यानंतर नववीत आलेली मुलं वाचताना अडखळायची, त्यांच्यापुढे मी उभी राहिले. तुम्ही नाही.

सडेतोड

बघा. नाटकात नऊ पात्रं तासभर रडून जे बोलत नाहीत ते इथे दहा ओळींत आलं, पेटीशिवाय. माझी बाजू आपोआप सिद्ध झाली.

काळी पाच

सिद्ध काही झालं नाही. एका माणसानं आपली जखम दाखवली आणि तुम्ही ती वादाचा पुरावा म्हणून खिशात टाकली. याचा मला संताप आहे. आणि त्या बॉनेटच्या गोष्टीत तरी काय आहे? आतून ऐकू येणारी प्रार्थना! ती काढा आणि गोष्ट परत सांगून बघा.

सडेतोड

संताप मान्य. घाईत लिहिलं, तसं लिहायला नको होतं. पण ती प्रार्थना बंद दारामागून ऐकू येते म्हणून खरी वाटते. तुमच्या नाटकात दार सताड उघडं आणि सगळे आत. बाहेर कुणीच नाही.

सुपारीबाग

फोंड्याकडून लिहितोय. आमच्याकडे जत्रेत देवळासमोर संगीत नाटक अजून होतं. रात्री उशिरा नांदी, पहाटेपर्यंत खेळ. पेट्रोल पंपावरचा मुलगा, शाळेतला मास्तर, बाजारात मासे विकणारा, सगळे गातात. पॅन्ट-शर्टातला माणूस गातो हे आम्हाला विचित्र वाटत नाही, कारण सकाळी तो त्याच आवाजात भाव सांगतो.

आणखी एक. आमच्या गावच्या खेळात पास-नापास कुणी विचारत नाही. माझ्या वर्गातला सहावीनंतर शाळा सोडलेला मुलगा बावीस वर्षं नायकाचं काम करतो आणि वर्गात पहिला आलेला त्याच्यामागे तंबोरा घेऊन बसतो.

प्रार्थनेबद्दल पेटीवाला म्हणून सांगतो. काळी चारमध्ये पुरुषांचा आवाज फाटणारच. आम्ही असं करतो की पुरुष काळी एकमध्ये आणि बायका त्याच्या पंचमाला, म्हणजे ‘प’ला, षड्ज मानून, म्हणजे काळी चारमध्येच. पेटी तीच, कुणाचा घसा बसत नाही.

काळी पाच

ते मला माहीत आहे, मीही शिकवते. इथे घसा बसणंच हवं होतं. तुमच्या पद्धतीनं ते सुरेल झालं असतं आणि काहीच झालं नसतं.

सुपारीबाग

हो, ते पटलं. जत्रेत मात्र करू देणार नाहीत.

जर्सीकर

मूळ प्रश्न राहिलाच. नाटकात नववीत नापास झालेला कुणी आहे का?

काळी पाच

नाही. काल रात्री डोळ्यांपुढे सगळी पात्रं आणली. डॉक्टर, बिल्डर, शिक्षिका, एक विधवा, परदेशातून आलेला एक, दारू सोडलेला एक, आणि बाकी तिघं. नऊच्या नऊ त्याच वर्षीचे दहावी पास. दोनदा पाहून मला ते खटकलं नाही. माझी पोस्ट तीच राहील, गाण्याबद्दलचं एक अक्षर मागे घेत नाही. पण सडेतोड, दाराबद्दल तुमचं बरोबर आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाहीये.

लेखक ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. म्हणाले, दुसऱ्या अंकात प्रार्थनेच्या वेळी विंगेतून एक आवाज आणता येईल, पण तो कोण हे त्यांना आधी कळलं पाहिजे. ‘शेवटचा बाक’, तुमची गोष्ट त्यांना सांगू का? नाव-गाव काही नाही. तुम्ही नको म्हणालात तर नाही.

शेवटचा बाक

सांगा. पण रडका आवाज नको. आणि पैसे दिले ते राहू द्या, दोनशे ऐंशी झाले होते, त्यानं तीनशे दिले आणि सुट्टे घेतले नाहीत.

निवृत्त बाई

तुमची शाळा कुठली ते विचारत नाही. तुम्ही ड तुकडीतल्या अकरा जणांत होतात ना? माझ्याकडे जुन्या हजेऱ्यांच्या वह्या नाहीत, पण मला त्यातले काही चेहरे आठवतात.

शेवटचा बाक

तुम्ही आमच्या बाई नव्हता. आमच्या बाई डाव्या हातानं लिहायच्या.