मदत हवी आहे : एआय वापरलेला प्रोजेक्ट, मार्क द्यायचे की शून्य?

नमस्कार मंडळी, धुळ्याकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो, तासिका तत्त्वावर, त्यामुळे माझं तिथे कोण किती ऐकतं ते सोडा. टीवायला प्रोजेक्ट दिला होता पांझरा नदीवरच्या फड पद्धतीचा, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायच्या जुन्या रीतीचा. बंधारा, पाट, एका फडात (शेतांच्या एका पट्ट्यात) त्या हंगामाला एकच पीक, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, हे गावात जाऊन बघा, म्हाताऱ्यांशी बोला म्हटलं. अर्ध्या पोरांनी चॅटजीपीटीला विचारून आणलं आणि तिघांच्या फायलीत फड म्हणजे तमाशाचा फड! ढोलकी, गवळण, सगळं. एकाने तर शेवटची 'यात आणखी बदल हवे असल्यास सांगा' ही ओळसुद्धा स्पायरल बाइंडिंग करून दिली. त्यांचं काय करायचं ते मला कळतं.

अडलंय ते एका मुलीपाशी. साक्री तालुक्यातली, घरी अहिराणी. तिचे आजोबा स्वतः पाटकरी होते, तिने त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं, ते लिहून काढलं आणि मग एआयला सांगितलं की हे शुद्ध मराठीत करून दे. आजोबा म्हणाले होते 'पाटमा पानी उनं', त्याचं झालं 'कालव्यामध्ये जलप्रवाह प्रस्थापित झाला'. सगळी फाईल अशीच. आमच्या एका सिनियर सरांनी ती एआयने लिहिलंय का ते ओळखणाऱ्या कुठल्याशा फुकट डिटेक्टरमध्ये टाकली, ८६ टक्के एआय आलं, म्हणे शून्य द्या, नाहीतर बाकीचे डोक्यावर बसतील. मी तिला समोर बसवून विचारलं तर कोणत्या फडाला आधी पाणी, पाळी कशी फिरते, धडाधड सांगितलं, तेही अहिराणीत. लिहिताना का बदललंस म्हटलं तर म्हणते, सर, आपली भाषा पेपरात चालत नाही ना.

आता बोला. डिटेक्टरवर किती विश्वास ठेवायचा? इंटर्नलचे मार्क पुढच्या आठवड्यात भरायचेत.

प्रतिसाद १ :
सर, टक्क्यांवर जाऊ नका. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचंच डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले, सात डिटेक्टरांना दिले तर सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले. इंग्रजीत ही गत, मराठीचं काय घेऊन बसलात. आणि सरांनी यूजीसीचा २०१८चा नियम दाखवला तर तो दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य किती याचा आहे, एआयचा नाही. रेकॉर्डिंग आहे ना तिच्याकडे? तेच जोडून घ्या.

धागाकर्ता :
आहे, बावीस मिनिटांचं, मध्ये कोंबडा आरवतोय. सरांना ऐकवतो उद्या. तिला सांगितलंय की आजोबांचं बोलणं आहे तसं परत लिही, खाली प्रमाण मराठीत अर्थ दे आणि एआय कुठे वापरलं ते एका ओळीत लिही. तमाशावाल्या तिघांनाही उन्हातान्हात बंधाऱ्यावर पाठवतोय. फक्त अहिराणी उतारा बाहेरच्या परीक्षकाला चालेल का, कोणी असं केलंय का आधी?