स्ट्रॅटचा टोन: आधी तारा, की सरळ पिकअप?

रिदमवाला_रत्नागिरी
मंडळी, सल्ला हवाय. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची साधी इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडणारी एकेरी वेटोळी), सिरॅमिक चुंबकं. ब्रिज पिकअपवर (तारा जिथे अडकवतात त्या टोकाचा) बारीक तारा कानात घुसतात, जाड तारा मात्र बोदड्या. अ‍ॅम्पचा गेन वाढवला की घूंऽऽ चालू. मला ब्लूज-रॉकचा भरीव आवाज हवाय. बजेट आठेक हजार. अल्निको (वेगळ्या चुंबकाच्या) पिकअपचा सेट घेऊ की ब्रिजला हमबकर (दोन कॉइलचा पिकअप)? तारा ०९-४२ आहेत (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), शेवटच्या कधी बदलल्या ते विचारू नका. इथल्या हवेत लगेच गंज धरतो.

सोल्डरबाबा
पैसे तूर्त खिशातच ठेवा. जाड तारांच्या वेढ्यांत घाम-मळ बसतो, म्हणून त्या आधी मरतात आणि साध्या तारा एकट्याच किंचाळत राहतात. १०-४६ निकेल-प्लेटेड चढवा. एर्नी बॉल रेग्युलर स्लिंकी किंवा डॅडारिओ, काहीही चालेल. प्युअर निकेल अजून मऊ वाजतं. स्टेनलेसच्या वाटेला जाऊ नका, ते आणखी चरचरीत. कोकणात कोटेड तारा महाग वाटल्या तरी परवडतात.

आता खरी गोष्ट. स्ट्रॅटच्या जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन नॉब जोडलेलाच नसतो! ब्रिजवर असताना दोन्ही टोन नॉब फिरवून बघा. काही फरक पडला नाही, तर पिकगार्ड उघडा आणि स्विचवर मधल्या पिकअपच्या टोनची जी टॅब आहे, तिच्यापासून शेजारच्या ब्रिजच्या टॅबला वायरचा एक तुकडा सोल्डर करा. मग टोन सहा-सातवर आणा. बोचरेपणा तिथेच जातो.

उंचीही बघा. दोन्ही कडेच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून पोलपीसपर्यंतचं (पिकअपवरच्या धातूच्या ठिपक्यापर्यंतचं) अंतर मोजा: जाड बाजूला साधारण २.४ मिमी, बारीक बाजूला २. पुढे अल्निको घेतलेत तर फार वर चढवू नका, चुंबक तार ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो.

दोन_कॉइल
बाबा, घूंऽऽचं काय? ती तारा बदलून जाणार आहे का? सिंगल कॉइल म्हणजे मेन्सच्या ५० हर्ट्झला पकडणारा अँटेनाच. सेथ लव्हरने गिब्सनमध्ये १९५५ साली हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच कटकटीपायी: दोन कॉइल उलट वेढ्यांच्या, चुंबकं उलट ध्रुवांची, म्हणजे घरघर कटते आणि तारेचा आवाज दुप्पट भरतो. सेमूर डंकनचा लिटल ५९ सिंगल कॉइलच्या खाचेत बसतो, लाकूड कोरायला नको. २५० के पॉट (नॉबखालचे रोध) तसेच ठेवा. ५०० केवर आवाज उजळतो, यांना तो नकोच आहे.

सोल्डरबाबा
मान्य, पण तारांनंतर. आधी स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी (तिथे मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र चालतात) टाकून ऐका. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर तिथे घरघर पडते. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र वाजवणं बंद, आधी घरचं अर्थिंग तपासा.

रिदमवाला_रत्नागिरी
टोन नॉब खरंच जोडलेला नव्हता 😄 वायर टाकली. झिणझिण्या नाहीत. दुसऱ्या जागी घरघर जवळजवळ गायब. पण १०च्या तारा चढवल्यावर ट्रेमोलो ब्रिज (तारा धरणारा, स्प्रिंगवर हलणारा) मागून वर उचललाय.

सोल्डरबाबा
ताण वाढला की असं होणारच. मागचं झाकण काढा, स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळा, प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करून बघा. तीनच स्प्रिंग असतील तर चौथी घाला. शेवटी इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का) बघा.

दोन_कॉइल
लिटल ५९ घ्यायचं ठरलं तर सांगा, वायरींचे रंग कुठे जातात ते लिहितो.