मदत हवी आहे: मोठी लक्झरी सेडान, इलेक्ट्रिक घ्यावी की पेट्रोल?

धागाकर्ता:
चार गाड्यांवर गाडी अडली आहे. बीएमडब्ल्यू आय७ एक्सड्राइव्ह६०, तिचीच पेट्रोल आवृत्ती ७४०आय, मर्सिडीज ईक्यूएस आणि पेट्रोल एस-क्लास, म्हणजे एस ५००.

वापर असा: रोज शहरात ६०-७० किमी, आणि महिन्यातून एक-दोनदा ४५० किमीचा महामार्ग, दुसऱ्या दिवशी परत. मालक बहुतेक वेळ मागच्या सीटवर. पार्किंग स्वतःचं आहे, पण तिथे सिंगल फेज वीज. गाडी सात-आठ वर्षं ठेवायची आहे.

माहितीपत्रकांत चारही गाड्या सारख्याच थोर दिसतात. मला तीन गोष्टी कळत नाहीत: सिंगल फेजवर एवढी मोठी बॅटरी भागेल का, लांबच्या प्रवासात खरोखर किती वेळ थांबावं लागेल, आणि मागे बसणाऱ्याला दोन्हींत फरक काय जाणवेल?

विद्युतवाही:
सिंगल फेजची चिंता सोडा. लोक पूर्ण बॅटरी भरायचा हिशोब करतात आणि घाबरतात. आय७ ची वापरण्याजोगी क्षमता १०१.७ युनिट. ७.४ किलोवॅटच्या चार्जरवर, म्हणजे ३२ अँपिअरवर, ती शून्यातून भरायला चौदा-पंधरा तास लागतील, हे खरंच. पण रोज शून्यातून भरतंय कोण? शहरात १०० किमीला २२ युनिट धरा. ७० किमीला साडेपंधरा युनिट, त्यावर चार्जिंगमधली दहा टक्के गळती, म्हणजे रोज १७ युनिट. सव्वादोन-अडीच तासांचं काम. मंजूर भार कमी असेल तर चार्जर १६ अँपिअरवर बांधून ठेवा, तरी पाच तासांच्या आत भरून होईल. फक्त लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी गाडी लवकर लावा.

आता महामार्ग. ताशी १२० च्या आसपास १०० किमीला २४ युनिट धरा. १०० टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत सुमारे ३८० किमी मिळतात. म्हणजे ४५० किमीला एक थांबा लागणारच. कंपनीचा आकडा १० ते ८० टक्के ३४ मिनिटांत, कमाल १९५ किलोवॅटवर. तुम्हाला ८० पर्यंत भरायची गरजही नाही. चांगल्या चार्जरवर १५ मिनिटांत ३५-४० युनिट येतात आणि तेवढ्यात तुम्ही आरामात पोहोचता.

खरी मेख 'चांगल्या चार्जरवर' या शब्दांत आहे. ६० किलोवॅटचा चार्जर असेल तर तेवढ्याच युनिटांना ३५-४० मिनिटं लागतील. १२० चा फलक असतो, पण दोन गन (गाडीला लावायच्या चार्जिंग केबल) एकाच कपाटातून चालतात. शेजारी दुसरी गाडी लागली की दोघांना साठ-साठ. म्हणून तुमच्या ४५० किमीच्या रस्त्यावर २५० ते ३५० किमीच्या पट्ट्यात किमान दोन वेगळ्या जागी, १५० किलोवॅट किंवा त्याहून मोठे चार्जर आहेत का ते आधी बघा. एकच जागा असेल आणि ती बंद निघाली तर पुढचा प्रवास बिघडतो. आणि मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभर लावायची सोय आहे का? ती नसेल तर परतीच्या प्रवासात दोन थांबे धरा.

अजून एक. चार्जरचा पत्ता गाडीच्या स्वतःच्या नकाशात टाका, मोबाइलच्या नकाशात नाही. बऱ्याच गाड्या तेव्हाच बॅटरी आधीपासून योग्य तापमानाला आणतात. थंडीत हे केलं नाही तर चार्जिंगचा वेग निम्म्यावरही येतो, आणि मग दोष चार्जरला दिला जातो.

गिअरपेटी:
वरचा हिशोब बरोबर आहे. मागच्या सीटचं मी सांगतो, कारण तुमचा निर्णय तिथेच व्हायला हवा.

आय७ आणि ७४०आय एकाच सांगाड्यावर आहेत. दोन्हींत दोन्ही धुऱ्यांना एअर सस्पेन्शन आहे, मागचा ३१.३ इंची पडदाही एकच. त्यामुळे या जोडीत तुलना स्वच्छ होते: इलेक्ट्रिकला गिअर बदलल्याचा हलकासा धक्काही नाही आणि इंजिनाचा आवाज नाही, पण ती सुमारे अर्धा टन जड. सपाट रस्त्यावर हे वजन गाडीला बसकण देतं आणि फार छान वाटतं. तुटक्या रस्त्यावर मात्र एकामागून एक खड्डे आले की अंग डोलत राहतं, आणि टायर व बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे) लवकर झिजतात. डिकी आय७ ची ५०० लिटर, ७४०आय ची ५४०.

ईक्यूएस आणि एस-क्लास या मात्र वेगळ्या गाड्या आहेत, नाव एकाच घराण्याचं असलं तरी. ईक्यूएसमध्ये बॅटरी जमिनीखाली असल्यानं मागची जमीन उंच वाटते आणि उंच माणसाचे गुडघे वर येतात. मांडीला खालून आधार कमी मिळतो. पंधरा मिनिटांच्या चाचणीत हे कळत नाही, दोन तासांनी कंबर सांगते. एस-क्लासची मागची सीट या चौघींत सगळ्यात चांगली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डिकीत ईक्यूएस पुढे आहे: मागचं दार काचेसकट उघडतं आणि ६१० लिटर जागा मिळते, एस ५०० ला ५५०.

म्हणून चाचणीला मालकांना मागे बसवा, किमान एक तास, आणि ज्या रस्त्यावर रोज जाणं आहे त्याच रस्त्यावर.

पेट्रोलबद्दल एक प्रश्न. रोजचे ६०-७० किमी सलग आहेत की पाच-सहा किमीच्या फेऱ्या? तुकड्या-तुकड्यांचा वापर असेल तर इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असेल तर तो तुंबतो. तशा वापराला इलेक्ट्रिकच योग्य. सलग असेल तर ७४०आय आणि एस ५०० यांची ही दोन्ही तीन लिटरची सहा सिलिंडरची इंजिनं फार गुणी आहेत. दोन्हींत ४८ व्होल्टची मदतनीस मोटर आहे, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद-चालू झालेलं मागे कळतही नाही.

धागाकर्ता:
फेऱ्या तुकड्यांच्याच आहेत, दिवसातून सहा-सात, मध्ये तासतास गाडी उभी. महामार्गावर १५० चे चार्जर दोन ठिकाणी आहेत. मग इलेक्ट्रिककडे झुकतोय. पण बॅटरी सात-आठ वर्षं टिकेल? आणि ऑप्शनच्या यादीतलं काय घ्यावं, काय सोडावं?

विद्युतवाही:
वॉरंटीत वर्षांकडे बघू नका, किलोमीटरकडे बघा. तुमचा वापर वर्षाला ३५,००० किमीच्या आसपास जातो. बीएमडब्ल्यूची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी येईल ते. तुमच्या बाबतीत ती साडेचार वर्षांत संपते. ईक्यूएसची १० वर्षं किंवा २,५०,००० किमी, म्हणजे सात वर्षं निघतात. तुमच्यासाठी हा फरक मागच्या पडद्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. वॉरंटीचा अर्थही नीट वाचा: क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच दावा लागू होतो. ७२ असेल तर नाही. बुक करण्याआधी तुमच्याकडच्या विक्रेत्याकडून हे कलम लेखी घ्या.

दोन्ही बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या. यांना १०० टक्के भरून उन्हात उभं राहणं मानवत नाही. रोजची मर्यादा ८० वर ठेवा, १०० फक्त प्रवासाच्या दिवशी, आणि तेही निघायच्या वेळेला भरून होईल असं वेळापत्रक गाडीतच लावा. सुरुवातीच्या वर्ष-दोन वर्षांत क्षमता जरा पटकन उतरते, मग उतार मंदावतो. पहिल्या वर्षीचा आकडा बघून घाबरू नका.

बिघाड म्हणाल तर मोठ्या बॅटरीआधी लहान १२ व्होल्टची बॅटरीच जास्त त्रास देते. ती बसली की भरलेली गाडीही दार उघडत नाही. आणि ब्रेक: वेग बहुतेक मोटरच कमी करते, त्यामुळे डिस्क वापराविना गंजतात. आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर पाय दाबून चारदोन वेळा ब्रेक लावायचे. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचंच, पॅड नवे दिसले तरी.

तेलपाणी:
ऑप्शनबद्दल.

मोठी चाकं घेऊ नका. आय७ ची अधिकृत रेंजच, म्हणजे एका चार्जमधलं अंतर, ऑप्शनप्रमाणे ५९१ ते ६२५ किमी बदलते, आणि त्यात चाकांचा वाटा मोठा. शिवाय टायरची भिंत बुटकी झाली की खड्ड्यात रिम वाकते. एवढ्या वजनाला टायर बदलताना त्याच मापाचा आणि त्याच भारक्षमतेचा घ्या. नुसतं माप जुळवून स्वस्त टायर घातला तर भिंत फुगते. आत फोम असलेले टायर मूळचे असतील तर तेच पुन्हा घाला. इंजिन नसल्यानं टायरचा आवाज सरळ मागे येतो. याच कारणासाठी दुहेरी ध्वनिरोधक काच घ्या, तुमच्या पैशाला सगळ्यात जास्त तीच जागते.

मागची चाकं वळणारं स्टीअरिंग: ईक्यूएसला ४.५ अंशांचं मूळचंच येतं, १० अंशांचं ऑप्शनमध्ये. १० घेतलं तर वळणवर्तुळ १०.९ मीटर, म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये पाच मीटरहून लांब गाडी एका दमात वळते. मागे जागा अरुंद असेल तर जरूर घ्या. हवेशीर आणि मालिश करणारी मागची सीटही घ्या. घरच्या (एसी) विजेवर चालणारा गाडीतला २२ किलोवॅटचा चार्जर मात्र सोडा. सिंगल फेजवर तो ७.४ च्या पुढे जाणार नाही.

ईक्यूएसचं बॉनेट मालकाला उघडायचं नसतं. काचेचं पाणी डाव्या फेंडरमधल्या झाकणातून भरतात. चालकाला हे आधी दाखवून ठेवा.

धागाकर्ता:
प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेली, एस-क्लासची एस ५८०ई बघावी का?

गिअरपेटी:
२८.६ युनिटची बॅटरी आहे, रोजचे ६०-७० किमी विजेवर निघतील आणि महामार्गावर थांबा नाही. कागदावर ती तुमच्यासाठीच बनली आहे. पण डिकी बरीच कमी होते, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मोटर, बॅटरी असं सगळं सांभाळायचं. आठ वर्षं ठेवायची तर हे ओझं मोठं. महामार्गावर दोन चार्जर मिळाले आहेत तर मी तिकडे जाणार नाही.

ईक्यूएस आणि आय७ यांत मालकांचे गुडघे ठरवू द्या. ईक्यूएसमध्ये तासभर बसून त्यांना त्रास झाला नाही तर किलोमीटरच्या वॉरंटीमुळे ती. झाला तर आय७, पण साडेचार वर्षांपुढची वाढीव बॅटरी वॉरंटी आहे का ते विचारूनच.

विद्युतवाही:
वायरिंगचं राहिलं. चार्जरला मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४० अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की तुटणारा स्विच), अंतर थोडं असेल तर ६ चौरस मिमी तांब्याची केबल, लांब असेल तर १०. गळतीरक्षक स्विच डीसी गळती ओळखणारा हवा, घरातला साधा चालत नाही. अर्थिंग मोजून घ्या. ते कमकुवत असलं की गाडी चार्जिंग मध्येच तोडते. प्रवासाच्या आदल्या रात्री असं झालं तर सकाळी कळतं, म्हणून गाडी येण्याआधी आठवडाभर तरी चार्जर बसवून मोजमाप करून घ्या.