रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठवून फोटो काढणं थांबवा (उजनी धरणाचं बॅकवॉटर)

हिप्परगा_काठ:
परवा फोटोग्राफीच्या एका गटात पोस्ट वाचली आणि डोकं तापलं. सार असं: 'रोहितांचे लाल पंख हवे असतील तर होडी वीस-पंचवीस मीटरवर न्या, नावाड्याला वल्हं पाण्यावर आपटायला सांगा, थवा उठला की बर्स्ट (सलग फोटोंचा मारा) सोडा.' खाली सगळे वाहवा करतायत.

पहिली गोष्ट, ही युक्ती फोटोसाठीही वाईट आहे. दचकलेला पक्षी तुमच्यापासून लांब पळतो. हाती लागतात पाठमोरे फोटो, पाय लोंबकळलेले आणि डोळा कुठेच नाही. रोहित बदकासारखा जागच्या जागी उठत नाही. पाण्यावर पळत वेग घेतो, आणि तोही वाऱ्याच्या तोंडाला. उतरतानाही तोंड वाऱ्याकडेच. हिवाळ्यात सकाळचा वारा बहुतेक वेळा पूर्व-ईशान्येकडून असतो आणि सूर्यही त्याच बाजूला. म्हणून पूर्वेच्या काठावर पश्चिमेकडे तोंड करून बसा. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी राहतात आणि उतरणारा पक्षी समोरून येतो.

दुसरी गोष्ट, लाल पंख दिसायला उड्डाणच लागतं असं नाही. जानेवारीपासून मोठ्या थव्यात त्यांचं प्रदर्शन चालू होतं. माना ताठ करून डोकं डावी-उजवीकडे झटकतात आणि मग पंख फटकन उघडून दोन-तीन सेकंद धरून ठेवतात. एकानं केलं की शेजारचे करतात. त्या वेळी १/१२५० सेकंदाचा शटर स्पीड पुरतो. खऱ्या उड्डाणाला १/२००० च्या खाली उतरू नका. मागे गडद पाणी असेल तर एक्स्पोजर ०.३ ते ०.७ स्टॉपनं कमी, मागे आभाळ असेल तर तेवढंच किंवा थोडं जास्त वाढवा. नाहीतर गडद पाण्यासमोर पांढरं अंग जळतं (पांढरंफटक होतं) आणि गुलाबी छटा पुन्हा आणता येत नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्स आणि ६० मीटर अंतर असेल तर आडव्या फ्रेमची उंची २.४ मीटर भरते. उभा रोहित सव्वा मीटरचा धरला तर निम्मी फ्रेम त्याचीच. क्रॉप (लहान) सेन्सरवर त्याहून जास्त. मग वीस मीटरवर जायचं कशाला?

बॅकवॉटर_केत्तूर:
साहेब, गणित कागदावर बरोबर आहे, पाण्यावर नाही. फेब्रुवारी-मार्चात नऊ वाजले की पाण्यावरून झळा उठतात. ६० मीटरवरून पक्ष्याची कड दुधासारखी फाटते. सोलापूरहून, पुण्याहून गिऱ्हाईक येतं ते नाश्ता उरकून साडेनऊला. त्याला काय दाखवायचं? लांबचा गुलाबी ठिपका? तो तासाचे पैसे देतो आणि लगेच 'अजून पुढं घ्या' म्हणतो. शिव्या मात्र नावाड्यालाच.

अजून एक. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा म्हणता. काठावर ठीक आहे. होडी तिथं लावली तर पक्ष्याचा पळायचा रस्ताच बंद होतो. त्याला तुमच्या अंगावर धावत यावं लागतं. हे लिहिणाऱ्यानं कधी बांबू हातात धरून बघावं.

हिप्परगा_काठ:
होडीचा मुद्दा मान्य. मी काठाचं लिहिलं आणि होडीचं वेगळं सांगायला हवं होतं, ते राहिलं. होडी वाऱ्याच्या आडव्या बाजूला, तिरकी ठेवायची. सरळ रेषेत पुढे जायचं नाही. शंभर मीटरवर इंजिन बंद, दहा मिनिटं थांबायचं, मग बांबूनं थोडं थोडं सरकायचं.

झळांचा मुद्दा मात्र उलट तुमच्याच अंगावर येतो. झळा लेन्सनं जात नाहीत, उठवलेला थवा तर त्याच झळांतून उडतो. उपाय वेळेचा आहे. उजाडताना पाण्यावर असलं पाहिजे आणि नऊला परत. नाश्ता करून येणाऱ्याला ते आधीच फोनवर सांगा.

पाणकोंबडी:
अंतर मीटरमध्ये मोजण्यापेक्षा पक्षी बघा. चरणाऱ्या रोहिताचं डोकं खाली, चोच उलटी गाळात. चार-सहा डोकी वर आली की थांबा. सगळ्या माना वर, पक्षी दाटीनं जवळ येतायत आणि एकाच दिशेनं चालायला लागलेत, म्हणजे तुम्ही आधीच जास्त आत गेलात. त्या क्षणी मागे या. उठलेला थवा बऱ्याचदा खोल पाण्याकडे उतरतो. तिथं चोच गाळापर्यंत पोचत नाही आणि खाणं बंद पडतं. सकाळच्या चार होड्यांनी चारदा उठवलं तर चरायची वेळ संपली.

आणि कुरव पक्ष्यांना फरसाण टाकून फोटो काढणं हेही बंद करा. तेला-मिठाचं खाणं आहे ते.

नान्नज_माळ:
कायद्याचं कोणीच बोलत नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं आहे, तिथं परवानगी लागते. उजनी अभयारण्य नाही, म्हणून लोकांना वाटतं सगळं मोकळं. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच, कलम २(१६) मध्ये, वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. एप्रिल-मेमध्ये उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय, शेकाट्या, टिटव्या यांची घरटी असतात. त्यांच्यात पाय ठेवून मॅक्रो (अगदी जवळून फोटो) काढणारे गटात फोटो टाकतात. खाली ठिकाणाचं नावही असतं!

गाळपेर_करमाळा:
आता मला बोलूद्या. काय बोलूलालाव तुम्ही सगळे? होडी, वल्हं, लेन्स. घरट्यांचं वाटोळं फोटोवाल्यांनी किती आणि पाण्यानं किती, हे कोण बघतंय? कालव्याला आवर्तन सुटलं की धरणाचं पाणी उतरतं. उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या खाली, गेली की बेटाभोवतीचं पाणी आटतं आणि बेट काठाला जोडलं जातं. त्या रात्रीच कुत्री आत. अंड्यांचा फडशा. जी वाचतात ती पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या धरणांचा विसर्ग आला की बुडतात. मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आहे, पण तोसुद्धा उपसायची वेळ येते. तिकडे सोलापूर शहराला रोज पाणी नाही ते नाहीच.

नान्नज_माळ:
आणि त्या जोडलेल्या जमिनीवर ट्रॅक्टर कोण घालतं? गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) करणारेच ना? कलिंगड, मका, त्यासाठी चारी खोदून पाणी ओढायचं, मोटारी आणि केबल पाण्यामागं सरकवत न्यायच्या. घरट्यांच्या मधून.

गाळपेर_करमाळा:
ती जमीन आमच्या आज्याची होती, धरणात गेली. वर्षातले चार महिने उघडी पडते तेवढंच पीक. तुम्ही शहरात बसून आम्हाला कायदा शिकवू नका.

पाणकोंबडी:
भाऊ, रागावू नका, पण मोटार सरकवायला दुपारचं ऊन निवडू नका. चाळिसाच्या वर पारा असताना अंडी उन्हात फार वेळ टिकत नाहीत. सुरय आणि टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवतात. माणूस जवळ आहे तोवर पक्षी परत बसत नाही. पहाटे काम केलं तर तेवढंच काम चालतं, अंडी वाचतात. घरटं दिसलं तर काठी रोवून खूण करा आणि तेवढा तुकडा सोडा. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे.

गाळपेर_करमाळा:
काठी रोवू नका! काठी दिसली की तिच्यावर कावळा येऊन बसतो आणि बसल्या जागेवरून अंडी बघतो. माणसंही काठी बघूनच येतात. आम्ही पाच-सहा पावलं अलीकडे दोन ढेकळं एकावर एक ठेवतो. ट्रॅक्टरवाल्याला कळतं, दुसऱ्या कुणाला नाही. पहाटेचं पटलं, पण वीज रात्री असेल तर मोटार रात्रीच हलवावी लागते. ते आमच्या हातात नाही.

पाणकोंबडी:
काठीचं माझं चुकलं. ढेकळांचं बरोबर आहे.

बॅकवॉटर_केत्तूर:
उन्हाळ्यातलं अजून सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सुरयच्या बेटाकडं होडी मागूच नका, वळवाचा वारा सांगून येत नाही. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावर होडी उलटून सहा जण गेले. जॅकेट नको म्हणणाऱ्याला होडीत घ्यायचं नाही, फोटो गेला तरी चालेल.

होडीत ट्रायपॉडही आणू नका. इंजिनाची थरथर ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात येते आणि पाय पसरले की दुसऱ्याला बसायला जागा नाही. खाली फळीवर बसा, कोपर गुडघ्यावर.

हिप्परगा_काठ:
बीनबॅग आणा. कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी, तीन-चतुर्थांशच भरायची, म्हणजे लेन्सभोवती बसते. गच्च भरली तर लेन्स घसरते. आत प्लास्टिकची पिशवी घाला. ज्वारी भिजली की दोन दिवसांत वास मारते, मोडही येतात. होडीच्या काठावर ठेवली की नजर पाण्याच्या पातळीला येते आणि मागचा काठ धूसर होतो. जवळ न जाता फोटो बदलतो तो इथं.

बॅकवॉटर_केत्तूर:
ठीक. शंभरवर इंजिन बंद, माना वर आल्या की मागं. वल्हं आपटणार नाही, आमच्या घाटावरच्या बाकीच्यांनाही सांगतो. पण थांबायच्या दहा मिनिटांचेही पैसे लागतात. ते देताना गिऱ्हाईकानं घड्याळ काढायचं नाही. आणि सकाळी सहाला घाटावर यायचं.

गाळपेर_करमाळा:
आमच्या अंगाचं बेट तीन दिवसांत जोडलं जाईल असं दिसतंय. मधल्या पट्ट्यात कंबरभर खोल चारी आडवी मारली तर पाणी राहील आणि कुत्री थोडी अडतील. मोटारीसाठी चारी मारायचीच आहे, ती त्या बाजूनं घेतो. दोन माणसं फावडं घेऊन येत असतील तर रविवारी पहाटे या. कॅमेरे घरी ठेवा.

नान्नज_माळ:
दोघं येतो. फावडी आणतो.