८ मिनिटांत रिसर्च कसा बसवायचा? २२ स्लाइड झाल्यात

चिपाड_केमिस्ट:
मंडळी नमस्कार, कोल्हापुरातच एमएस्सी केमिस्ट्रीला आहे, दुसरं वर्ष. पुढच्या शनिवारी विद्यापीठातल्या सिंपोजियमला माझं ओरल आहे, ८ मिनिटं बोलायचं आणि २ मिनिटं प्रश्न. विषय असा की उसाची चिपाडं हवा न लागू देता भाजून कोळसा करायचा आणि त्यानं पाण्यातला रंग ओढायचा, इचलकरंजीचं रंगाचं पाणी पंचगंगेत येतंय ते डोक्यात ठेवून घेतलेला. मेथिलीन ब्लू या निळ्या रंगावर रिझल्ट एक नंबर आलेत, पण एक्सआरडी, एसईएम, एफटीआयआर या कोळशाच्या तपासण्या, लँगम्युर, फ्रॉइंडलिश हे कोळशाला रंग किती चिकटतो त्याचे ग्राफ, असं सगळं धरून २२ स्लाइड, आणि रूमवर टायमर लावून म्हटलं तर १७ मिनिटं! गाइड म्हणतात एकपण ग्राफ काढायचा नाही. त्यात इंग्लिश, उभं राहिलं की ततपप. काय करू?

रंकाळ्यावरचा:
भावा २२ स्लाइड म्हणजे लग्नाचा अल्बम झाला की. पहिल्याच स्लाइडला दोन बाटल्यांचा फोटो लाव, एक निळीभोर, एक कोळसा टाकून गाळलेली, आणि गप दोन सेकंद थांब. क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ ला थ्री मिनिट थीसिस स्पर्धा काढली, त्यात पीएचडीवाली पोरं एका स्लाइडवर ३ मिनिटांत सगळं काम सांगतात, तुला तर ८ आहेत मर्दा. गाइडचे ग्राफ थँक्यूच्या मागं टाकून ठेव, कोणी विचारलं तर उघडायचे. गाइडपण खूष.

जुनी_पीएचडी:
बाटल्यांचा फोटो चांगला, पण नुसत्या फोटोवर केमिस्ट्रीवाले सोडत नाहीत. ६६४ नॅनोमीटरचा पीक, म्हणजे पाण्यात निळा रंग किती उरला ते, वेळेनुसार कसा बसत गेला तो एक ग्राफ आणि लँगम्युरचा एक, एवढे ठेवच. बाकी इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस, पहिली चार वाक्यं तोंडपाठ कर, गाडी सुरू झाली की चालते. खरी परीक्षा त्या २ मिनिटांत. मी परीक्षक असते तर विचारलं असतं, रंग पाण्यातून कोळशात गेला, नष्ट कुठं झाला? मग त्या निळ्या कोळशाचं काय करणार? आणि दुसरं म्हणजे मेथिलीन ब्लू पॉझिटिव्ह चार्जचा, तो असल्या कोळशाला सहज चिकटतो. सुती कापडाला वापरतात ते रिअ‍ॅक्टिव्ह डाय निगेटिव्ह, ते तसे चिकटतीलच असं नाही. इचलकरंजीचं नाव घेतलंस की हा प्रश्न आलाच म्हणून समज.

गुऱ्हाळ_घरचा:
आणि आमच्यासारखा एखादा बसला असला तर विचारणार, चिपाडं आम्ही चुलवाणात घालतो, तुला कोण देणार? 😄 त्याचं उत्तर तयार ठेव. आणि एक, पीपीटीची पीडीएफपण पेनड्राइव्हवर घे. माझ्या वेळी हॉलच्या कॉम्प्युटरवर सगळ्या म्यूचे (µ या चिन्हाचे) चौकोन झालेले, मी आपला चौकोनाकडं बोट दाखवून मायक्रोग्रॅम मायक्रोग्रॅम करत होतो.

चिपाड_केमिस्ट:
९ स्लाइडवर आलोय, टायमर ८:४०. मॅडम, तुमच्या प्रश्नानं रात्री झोप लागली नाही. निळा कोळसा अल्कोहोलनं धुऊन परत वापरून बघितलाय, दुसऱ्यांदा रंग कमीच ओढतो, ते लपवणार होतो, आता स्लाइडवर टाकतो. रिअ‍ॅक्टिव्ह डाय मात्र खरंच केला नाही. मामा इचलकरंजीत कापडाच्या प्रोसेसला आहेत, उद्या पहिल्या एसटीनं जाऊन थोडी लाल पावडर आणतो.

जुनी_पीएचडी:
आण. रंग नाही ओढला तरी तसाच दाखव, फक्त कोळसा न घातलेली एक बाटली शेजारी ठेवायला विसरू नकोस, परीक्षक पहिली तीच शोधतात.