मदत हवी आहे: स्ट्रट बार ठेवून बॉडी डॅम्पर लावता येईल का?

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. यवतेश्वर घाटातल्या वळणांवर पुढचा भाग सैल वाटायचा, म्हणून बॉनेटखाली स्ट्रट बार (पुढच्या दोन्ही स्ट्रटची वरची टोकं जोडणारा दांडा) बसवला. आता स्टिअरिंग वळवल्याबरोबर गाडी आत येते, फार मजा येते. पण कासकडच्या खडबडीत पट्ट्यात बारीक थरथर थेट स्टिअरिंगमध्ये जाणवते, ग्लोव्ह बॉक्सचं झाकणही कुरकुरतं. बार काढला की थरथर थांबते. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, स्ट्रट माउंट, लिंक रॉड, बुश सगळं तपासलंय; टायरमध्ये हवा कंपनीने सांगितलेलीच.

यामाहाच्या ‘परफॉर्मन्स डॅम्पर’ या बॉडी डॅम्परबद्दल वाचलं. बार बॉडी नुसती कडक करतो. हा डॅम्पर बॉडीच्या दोन बिंदूंमध्ये बसून मिलिमीटरपेक्षा कमी हालचालही शोषतो. तत्त्व पटतं. माझ्या गाडीसाठी तयार किट मिळत नाही, ब्रॅकेट बनवून घ्यावे लागतील. वेल्डिंग नको आणि ग्राउंड क्लिअरन्स कमी व्हायला नको, गाडी रोजच्या वापरातली आहे.

बारला समांतर डॅम्पर लावला तर त्याला हालचालच मिळणार नाही, असं मला वाटतं. मग बार काढून त्याच जागी डॅम्पर लावू, की बार ठेवून डॅम्पर मागच्या बंपरच्या आत? आणि सातारा-कराड-कोल्हापूर पट्ट्यात असे ब्रॅकेट मापात बनवून देणारं कोणी आहे का?