सूत्र पाठ आहे, तरी वर्गसमीकरणाचे उत्तर चुकते: चूक नेमकी कुठे होते?

खारपाणपट्टा, दर्यापूर:

नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. गावात शिकवणी नाही, म्हणून संध्याकाळी वावरातून परतल्यावर मीच तिच्याजवळ बसतो. परंतु माझी बारावी होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. अवयव पाडून वर्गसमीकरण सोडवणे तिला चांगले जमते, मात्र सूत्र पद्धतीवर आली की क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) ÷ (२अ) हे सूत्र तोंडपाठ असूनही उत्तर बिघडते (यातल्या ब² − ४अक ला विवेचक म्हणतात). काल तिने ३क्ष² − ५क्ष − १ = ० हे समीकरण घेतले होते. तिच्या वहीत आहे तसेच उतरवतो:

अ = ३, ब = −५, क = −१
ब² − ४अक = −५² − ४ × ३ × १ = −२५ − १२ = −३७
विवेचक ऋण आहे, म्हणून मुळे वास्तव नाहीत.

शाळेत फळ्यावर आलेले उत्तर (५ ± √३७) ÷ ६ असे होते. ३७ हा आकडा दोन्हीकडे आहे, त्यामुळे ती अधिकच गोंधळली. दुसरी शंका अशी, की ती पुष्कळदा फक्त वर्गमूळालाच २अ ने भागते आणि −ब तसाच बाहेर ठेवते. तसे का करायचे नाही, हे मला तिला नीट सांगता आले नाही.

निवृत्त गणित शिक्षक, यवतमाळ जिल्हा:

भाऊ, वही जशीच्या तशी उतरवलीत हे फार बरे केले, कारण चूक तिथे स्पष्ट दिसते. पहिल्या ओळीत चिन्हे बरोबर लिहिली आहेत, पण दुसऱ्या ओळीत जाताना ती दोनदा निसटली. −५² आणि (−५)² या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिल्यात फक्त ५ चा वर्ग होऊन ऋण चिन्ह बाहेर राहते, तर दुसऱ्यात चिन्हासह वर्ग होतो आणि २५ मिळतात. पुढे क ची किंमत −१ असताना तिने १ घेतला. कंसात लिहिले असते तर (−५)² − ४ × (३) × (−१) = २५ + १२ = ३७ असे झाले असते. दोन्ही चुका एकाच बाजूला झुकल्या, म्हणून आकडा तोच राहून चिन्ह उलटले.

माझ्या वर्गात मी एकच शिस्त लावली होती: सूत्रात किंमत घालताना प्रत्येक किंमत, ती धन असली तरी, कंसात लिहायची. मुलांना सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटतो, पण महिनाभरात हात वळतो.

तिला आणखी एक गोष्ट शिकवा. अ आणि क यांची चिन्हे विरुद्ध असतील, तर अक ऋण येतो, −४अक धन होतो आणि ब² कधीच ऋण नसतो. म्हणजे विवेचक धनच असणार. या समीकरणात अ धन व क ऋण आहे, त्यामुळे ‘मुळे वास्तव नाहीत’ हे उत्तर कागदावर आकडेमोड न करताही नाकारता आले असते.

बी.एस्सी. गणित, अमरावती:

दुसऱ्या शंकेचे उत्तर सूत्र कुठून आले ते पाहिले की आपोआप मिळते. त्यासाठी मला श्रीधराचार्यांची रीत सर्वांत सोपी वाटते. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांचा हा नियम दिलेला आहे. नियम असा, की समीकरणाला ४अ ने गुणावे आणि दोन्ही बाजूंत ब² मिळवावा. आपल्याच समीकरणावर तो वापरून पाहू. ४अ म्हणजे १२.

३६क्ष² − ६०क्ष = १२
३६क्ष² − ६०क्ष + २५ = ३७
(६क्ष − ५)² = ३७
६क्ष = ५ ± √३७

इथे ६क्ष ची किंमत म्हणजे अख्खे ५ ± √३७ आहे. क्ष हवा असेल तर त्या सगळ्यालाच ६ ने भागावे लागेल, एकट्या √३७ ला भागून चालणार नाही. ब² मिळवण्याचे कारणही इथेच दिसते: त्याशिवाय डावीकडे पूर्ण वर्ग तयार होत नाही. एकदा तिच्याकडून ही रीत अ, ब, क ही अक्षरे ठेवून करून घ्या. सूत्र स्वतःच्या हाताने निघाले, की ते विसरण्याची भीती राहत नाही.

संत्रा बागायतदार, वरूड:

आमच्या मुलाला मी हेच प्रकरण बागेत उभे राहून समजावले होते. समजा, आयताकृती बागेत जितक्या ओळी आहेत त्यापेक्षा प्रत्येक ओळीत ४ झाडे जास्त आहेत, आणि एकूण झाडे २८५ आहेत. ओळींची संख्या ‘न’ मानली तर न² + ४न − २८५ = ० हे समीकरण मिळते. विवेचक १६ + ११४० = ११५६, त्याचे वर्गमूळ ३४; म्हणून न = (−४ ± ३४) ÷ २, म्हणजे १५ किंवा −१९. ओळी ऋण असू शकत नाहीत, हे कारण उत्तरपत्रिकेत लिहूनच −१९ सोडावे. ते गुपचूप खोडू नये, कारण ते समीकरणाचे मूळ आहेच, फक्त बागेला लागू पडत नाही. एकूण झाडे ३०० मानून बहिणीला हेच गणित करायला द्या आणि काय होते ते कळवा.

खारपाणपट्टा, दर्यापूर:

सर्वांचा मनापासून आभारी आहे. कंस घालून तिने काल पाच गणिते केली आणि पाचही बरोबर आली. वरूडच्या भाऊंचे गणित करताना विवेचक १२१६ आला. ३४ चा वर्ग ११५६ आणि ३५ चा १२२५, म्हणजे तो पूर्ण वर्ग नाही, तेव्हा ३०० झाडे अशा रचनेत बसणारच नाहीत असे तिने लिहिले. त्यानंतर तिने न विचारता पुढे करून पाहिले: १६ + ४ × ३२० = १२९६, त्याचे वर्गमूळ ३६, म्हणून १६ ओळी आणि ओळीत २० झाडे. २८५ नंतर बसणारी पुढची संख्या ३२० च आहे, असे तिचे म्हणणे आहे.